पेरलेलं बी कोण पळवतं? तुमचे अनुभव आणि उपाय लिहा

मातीखालचं_गाव
मृग तोंडावर आलाय. काल एकीनं विचारलं, "दोडका पेरून १२ दिवस झाले, काहीच वर आलं नाही, बी खराब असेल का?" त्यावरून धागा काढतेय. दरवर्षी बियांच्या पाकिटाला शिव्या बसतात आणि चोर मोकळा सुटतो. आधी चोर ओळखा, मग उपाय. मागे काय उरलंय ते बघायचं:
माती उकरलेली, खड्डा आणि बाजूला बियांची सालं: उंदीर किंवा खार.
खड्डा नाही, सालं नाहीत, बारीक बी नुसतं गायब: मुंग्या. कधीकधी पंधरा दिवसांनी भिंतीच्या फटीत माठाची रोपं रांगेनं उगवतात, ती यांचीच सांडलवंड.
कोंब उपटून वर टाकलेला: पक्षी.
रोप जमिनीलगत कापून आडवं: कातर अळी.
चकाकणारा वाळका ओघळ: गोगलगाय.
आणि त्याआधी त्याच पाकिटातल्या १० बिया ओल्या कापडात गुंडाळून बघा. ७-८ ना मोड आले तर बी निर्दोष.

कुंडीबहाद्दर
देठ मातीपाशी बारीक, पाणचट होऊन रोप लोळलं तर तो कीडा नाही हां. बुरशी. पाणी कमी करा, दाट पेरू नका. पेरण्याआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) किलोभर बियांना ५ ग्रॅम चोळायचं, घरी चमचाभर बियांना चिमूटभर.

सासवडचा_मळा
मुंग्यांसाठी: वांगी, टोमॅटो, मिरचीच्या गादीवाफ्याभोवती (रोपांसाठी उंच केलेला वाफा) चार बोटं अंतर सोडून रव्याची किंवा तांदळाच्या कणीची रेघ. मुंग्या ते नेत बसतात, बी वाचतं. पण रोज संध्याकाळी घालावं लागतं, मिरची उगवेपर्यंत म्हणजे ८-१० दिवस. दोन दिवस घालून बंद केलं की मुंग्यांना वाफ्याचा पत्ता कळलेला असतो, तेवढंच काय ते.
बी फोकू नका, म्हणजे मुठीनं विखरू नका. १० सेंमीवर रेघा ओढून पेरा, बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर आणि हातानं दाबा. उघडं बी म्हणजे आमंत्रण.

लालमाठ
रवा महाग झालाय हो 😄

सासवडचा_मळा
@लालमाठ किडे झालेला चालतो, तो तरी कुठे सत्यनारायणाला वापरणार.

कुंडीबहाद्दर
गच्चीवर ट्रे असतील तर रवा नको. स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब. ट्रे भिंतीला टेकलेला नको, एक वेलाचं पान जरी भिंतीला लागलं तरी पूल तयार. वाट्या आठवड्यातून एकदा घासून पाणी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील. राख कोरडी असेतो ठीक, भिजली की शून्य. मुंग्यांचा खडू वाफ्यात चुरडून टाकू नका, ते कीटकनाशक आहे, पालेभाजी खायचीय आपल्याला.

खार_हटाव
भोपळा काकडी वाटाणा मका... उंदरांची मेजवानी. कोंबडीची जाळी पुरत नाही, पाऊण इंची भोकातून उंदराचं पिल्लू आरामात जातं. पाव इंची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची ताठ जाळी) घ्या, कडा वाकवून १५ सेंमी मातीत पुरा. कुंडीला तीच जाळी गोल कापून वर बसवा, तारेनं बांधा. नुसती ठेवली तर खार सरकवते. दुसरी पानजोडी आली की काढा, उशीर झाला तर वेल जाळीत अडकतो आणि काढताना मोडतो.
फुकटातला उपाय: फळांचा प्लास्टिकचा क्रेट उलटा, वर वीट. खार आणि पक्षी थांबतात, बारीक उंदीर थांबत नाही.

मातीखालचं_गाव
यात चिचुंद्रीला विनाकारण मारतात. ती बी खात नाही, किडे-गांडुळं शोधत उकरते. सालं नसतील आणि बी खड्ड्याशेजारीच पडलेलं असेल तर तीच. परत पुरा, संपलं.

आजीचा_वाफा
मोड आणून लावा. बी मातीत जितके कमी दिवस तितका धोका कमी. कारली दोडका २४ तास पाण्यात, मग ओल्या सुती कापडात. कारल्याच्या बियांचं टोक नेलकटरनं जरासं तोडायचं, आतल्या गराला धक्का नको. मोड पाव इंच झाला की टोका, त्याहून लांब झाला तर हातात तुटतो. मेथीला काही नको, ३-४ दिवसांत येते. धने मात्र चपलेखाली रगडून दोन फाका करा, तरी ८-१२ दिवस लागतात, तेवढे दिवस वर पेंढा

लालमाठ
पाकिटातलं गुलाबी-निळं बी भिजवायचं का?

आजीचा_वाफा
नाही नाही. तो औषधाचा लेप असतो. हातमोजे घालून सरळ पेरा, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका.

सासवडचा_मळा
पेंढ्याबद्दल: कोंब दिसायला लागले त्याच संध्याकाळी काढा. सकाळी काढला तर पांढरे कोंब उन्हानं करपतात, ठेवला तर खाली गोगलगायी घर करतात. पक्ष्यांसाठी बाभळीच्या काट्या आडव्या-उभ्या टाका, साळुंकीला पाय टेकायला जागा मिळत नाही. चमकी फीत चार दिवस, मग तिच्यावरच बसतात.

तेरणाकाठ
गोगलगाय म्हणू नका, अंगावर काटा येतो. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीन कोवळं असतानाच फस्त झालं. भाजीच्या वाफ्यालाही उपाय तोच. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाकडेला पसरा, पहाटे उचला, खाली जमलेल्या साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. हातमोजे घालूनच, त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असतात. बांधाच्या आत १० सेंमी रुंद चुन्याचा पट्टा, पाऊस झाला की परत मारा. मीठ वाफ्यात टाकू नका, गोगलगाय मरेल पण माती बिघडेल.

थेम्सकाठची
इकडे लंडनला बिनशंखाच्या. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या ग्रेट ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेर बंद झाल्या, आता फेरिक फॉस्फेटच्या मिळतात. नाहीतर दही-डब्यात बिअर, डब्याची कड मातीच्या वर २ सेंमी ठेवायची, नाहीतर उपयोगी भुंगेरेही पडतात.

तेरणाकाठ
आमच्याकडे बिअर गोगलगायीपर्यंत पोचत नाही ताई. 😂 बाकी मेटाल्डिहाइड इकडे मिळालं तरी कुत्रं असलेल्या घरात नकोच, चाटलं तर जीव जातो.

कुंडीबहाद्दर
कातर अळी राहिली. कागदी कपाचं बूड कापा, रोपाभोवती १ इंच मातीत, २ इंच वर. आणि कापलेल्या रोपाशेजारी बोटभर उकरा, वेटोळं करून तिथेच झोपलेली असते. शेण अर्धकच्चं टाकलं की हुमणीही (मुळं खाणारी पांढरी अळी) येते, चांगलं कुजलेलंच घाला.

लालमाठ
मातीत घालायला निंबोळी पेंड (तेल काढून उरलेला निंबोळ्यांचा चोथा) कुठे मिळते, डोंबिवलीत कुणी सांगेल का? दुकानात एरंडी पेंड देत होता

खार_हटाव
एरंडी घेऊ नका, घरात कुत्रं-मांजर असेल तर विषारी. स्टेशनजवळच्या नर्सऱ्यांत विचारा, "निम केक" म्हटलं की देतात.

आजीचा_वाफा
लालमाठ, तुमच्या नावाची भाजी लसणाची फोडणी देऊन की डाळ घालून करता?