सिंधुदुर्गातल्या छोट्या ग्रामपंचायती एकत्र करा म्हणणाऱ्यांना

देवगडकर: परवा इथे कुडाळवाल्यांनी लिहिलं की जिल्ह्यात माणसंच उरली नाहीत, चार-पाच गावांची मिळून एक ग्रामपंचायत करा, खर्च वाचेल. वाचून डोकं फिरलं. २००१ ला आपण ८,६८,८२५ होतो, २०११ ला ८,४९,६५१, कमी झालो हे मान्य, रत्नागिरीचंही तेच झालं. पण गेलं कोण? कमावती पोरं. मागे म्हातारे राहिले. वाड्या डोंगरउतारावर, मधे व्हाळ म्हणजे ओढे, पावसात साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी. नळयोजनेची मोटर जळली तर आज बायका सरपंचाच्या दारात जाऊन उभ्या राहतात म्हणून दोन दिवसांत ती दुरुस्त होते. उद्या सरपंच तिसऱ्या गावचा असेल तर कुणाच्या दारात जायचं? १ मे १९८१ ला रत्नागिरीतून आपला जिल्हा वेगळा काढला तो अंतरासाठीच ना?

कुडाळवाला: भावनेवर कारभार चालत नाही. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर येतो, पाचशे-सहाशे वस्तीच्या गावाला त्यात काय मिळणार? वसुली लाईटबिल आणि शिपायाच्या पगारात संपते. ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं, आमच्याकडे तो आठवड्यातून दोनदा येतो, बाकी दिवस कुलूप. कुलूपबंद ऑफिस जवळ असून उपयोग काय?

विरारकर: मुळात मोजणीच चुकीची. जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात, तेव्हा आम्ही मुंबईत. गणपतीत मोजा, मग बघा गाव रिकामं आहे का. घरपट्टी आम्ही भरतो, देवळाला वर्गणी आम्ही देतो.

देवगडकर: दहा दिवस येऊन गाव होत नाही. आमच्या वाडीचा रस्ता कितीतरी वर्षं अडलाय कारण सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, संमतीपत्रावर सही मागितली की फोन उचलत नाहीत. पेशंटला खुर्चीत बसवून डांबरीपर्यंत आणतो आम्ही.

विरारकर: सही का देत नाही तेही सांगा! माझे वडील गेल्यावर वारस नोंद करायला गेलो तर चुलत्यांनी आमचं नावच लावू दिलं नव्हतं. तलाठ्याकडे फेऱ्या, मग प्रांताकडे अपील. आता रस्त्याला जागा हवी तेव्हा आम्ही आठवलो? आधी नाव लावा, मग सही मागा.

देवगडकर: तुमच्या चुलत्यांचा राग आमच्या वाडीवर काढू नका.

माहेरवाशीण: दोघेही जमिनीवर घसरलात. जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. नवरे मुंबईला, गोव्याला, आणि सामाईक आंबा कुणी काढायचा यावरून भावकीची भांडणं झेलते ती घरी राहिलेली बाई, जिचं सातबाऱ्यावर नाव नसतं. पीक गेलं तरी भरपाई मागायला कागद तिच्या नावावर नाही. ग्रामसभेला तीच येते. ती सभा पाच मैलांवर नेलीत तर तीही येणार नाही, मग ठराव कोण करणार ते सांगायला नको.

दोडामार्गी: आमच्याकडे हत्ती माड पाडून जातत. पंचनाम्याक कोण येतलो ह्या आधी सांगा, मगे गावां जोडा.

कुडाळवाला: ग्रामसभेचा मुद्दा धरतो, ती प्रत्येक गावात वेगळीच राहिली पाहिजे. पण ऑफिस आणि कर्मचारी एकत्र करायला काय हरकत? पूर्ण वेळ माणूस मिळेल.

देवगडकर: कर्मचारी एकत्र करा, पण तो दिवस ठरवून प्रत्येक गावात बसला पाहिजे आणि निधीचं खातं गावाचंच राहिलं पाहिजे. तेवढ्यावर तयार आहे. सरपंचपद जाऊ देणार नाही.

विरारकर: आणि वारस नोंदी?

माहेरवाशीण: चुलत्यांच्या मुलींची, तुमच्या बहिणींचीही नावं त्याच अर्जात घालणार असाल तर बोला.