त्सो मोरीरी एका दिवसात उरकू नका

बी-५०४ : मंडळी, आपल्या सोसायटीच्या ऑगस्टमधल्या लडाख सहलीचा कार्यक्रम आला आहे. पहिल्या दिवशी विमानाने लेह. दुसऱ्या दिवशी लेहमधले गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून त्सो मोरीरी सरोवर पाहून रात्री परत लेह. पुढे नुब्रा आणि पँगाँग. कोणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या आगाऊ रक्कम भरायची आहे.

ए-७०३ : आम्ही चौघे नक्की 👍

बी-२०१ : पँगाँग बघणारच आहोत तर दुसरं सरोवर कशाला? तो दिवस बाजाराला ठेवा.

ए-१०२ : अरे, उद्या पैसे भरू नकोस. मी सविस्तर लिहिते आहे, जरा थांबा सगळे.

ए-१०२ : लेहहून कोरझोक सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोरझोक म्हणजे त्सो मोरीरीच्या काठावरचं गाव. उपशीला मनालीचा रस्ता सुटतो, आपण सिंधूच्या काठाने पुढे जातो, चुमाथांग लागतं, मग माहेचा पूल, सुमदो आणि कोरझोक. जायलाच सहा-सात तास. त्याच दिवशी परत यायचं म्हणजे बारा-चौदा तास गाडीत आणि सरोवरापाशी फोटोपुरता वेळ. त्यातही आपण पोचणार दुपारी, आणि दुपारी तिथे वारा सुटतो. सरोवर बघायचं ते सकाळी, वारा पडलेला असताना.

दुसरं म्हणजे उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, लेह साडेतीन हजार आणि त्सो मोरीरी ४,५२२. तिसऱ्याच दिवशी तिथे नेणं मला अजिबात पटत नाही. सहलीत साठीच्या पुढचे पाच जण आहेत.

सी-३०१ (डॉक्टर) : काकूंशी पूर्ण सहमत. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब इथल्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. लेह ते कोरझोक एकदम हजार मीटर होतात. म्हणून लेहला तीन रात्री, त्यातले पहिले दोन दिवस जवळपास विश्रांतीच. मग मध्ये चुमाथांगला एक मुक्काम, आणि त्यानंतर कोरझोक.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) मनाने सुरू करू नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष सांगा. बीपी, मधुमेह, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिकिटाआधी मला भेटून जा. तिथे दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

बी-२०१ : एवढी काळजी घ्यायची असेल तर जायचंच कशाला काकू? खरंच विचारतोय. काय आहे तिथे?

ए-१०२ : तू विचारलंस हे बरं झालं.

भिगवणला हिवाळ्यात आपण होडीतून पट्टकादंब बघितले होते, आठवतं? पांढरं डोकं, त्यावर मागे दोन काळे पट्टे. ते हंस हिमालय ओलांडून इथे येतात, आणि त्यांची वीण होते ती अशाच सरोवरांच्या काठी आणि बेटांवर. त्सो मोरीरी हे भारतातलं त्यांचं एक महत्त्वाचं घर. उन्हाळ्यात तिथे पिल्लं पोहताना दिसतात. भिगवणचे चक्रवाकसुद्धा लडाखमध्ये वीण करतात. आपल्या उजनीच्या पाण्यावर हिवाळा काढणारे पक्षी जन्माला कुठे येतात, हे डोळ्यांनी बघायला मिळणं मला फार मोठं वाटतं. काळ्या मानेचा क्रौंचही त्या भागात आहे, तो आता लडाखचा राज्यपक्षी आहे. २००२ पासून हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

पाणी मचूळ आहे, कारण ते बाहेर जायला वाट नाही. भोवताली वितळलेल्या बर्फाचे ओढे येतात आणि उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रंग दर तासाला बदलतो, त्याचं वर्णन मी करत नाही, बघालच.

ए-७०३ : काकू, ट्रेकिंग करता येईल का? मुलगा विचारतोय.

ए-१०२ : मोठा ट्रेक रुमत्से गावाहून निघतो, त्सो कार या दुसऱ्या सरोवरावरून कोरझोकला उतरतो. आठवडाभर लागतो आणि पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी चढाव्या लागतात. तो त्याने नंतर मित्रांबरोबर करावा. आपल्याला कोरझोकच्या मागून ओढ्याच्या कडेने वर जाणारी वाट पुरे. त्या खोऱ्याला कोरझोक फू म्हणतात. उन्हाळ्यात चांगपा लोक तिथे तंबू ठोकून असतात. वाट कठीण नाही, पण सह्याद्रीतल्या वेगाने चालायचं नाही. बोलता बोलता दम लागला तर वेग जास्त झाला असं समजायचं.

चांगपा म्हणजे याक, मेंढ्या आणि पश्मिना शेळ्या घेऊन वर्षभर कुरणं बदलत फिरणारे मेंढपाळ. याकच्या केसांच्या काळ्या तंबूला ते रेबो म्हणतात. आपल्याकडे धनगर मेंढ्यांचा वाडा घेऊन फिरतात, तशीच ही माणसं, फक्त हिवाळा उणे तीसच्या आसपास जाणारा. त्या थंडीपासून बचावासाठी शेळीच्या अंगावर आतून जी मऊ लोकर येते तीच पश्मिना. उन्हाळ्याच्या तोंडाला ती विंचरून काढतात. लेहच्या बाजारात त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक शाल खरी नसते, बी-२०१, एवढं लक्षात ठेव!

तंबूत बोलावलं तर जा, लोणी-मिठाचा चहा नाकारू नका. ‘जुले’ म्हणा (लडाखी नमस्कार), हसा. फोटो मात्र विचारूनच, म्हाताऱ्या बायकांचे तर नक्कीच.

आणि जमलं तर तारखा कोरझोक गुस्तोरशी जुळवा. गोम्पातला हा दोन दिवसांचा उत्सव उन्हाळ्यात असतो, तारीख तिबेटी पंचांगाने ठरते. भिक्षू मुखवटे घालून छाम नृत्य करतात, आणि कुरणांवरचे चांगपा त्यासाठी गावात उतरतात. लेहला चौकशी करून यंदाची तारीख मिळेल.

बी-४०२ : आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही. जेवणाचं कसं? आणि हॉटेल कसं आहे?

ए-१०२ : ताई, हॉटेलपेक्षा होमस्टे घेऊ. डाळ-भात, पोळी, थुक्पा (शेवयांचं सूप) मिळतं, आधी सांगितलं तर कांद्याशिवायही करून देतात. बरोबर मेतकूट, चटण्या, लाडू घ्या. बरेचदा कोरडे संडास असतात, पाणी ओतायचं नाही, वरून माती टाकायची. ऑगस्टातही रात्री स्वेटर, टोपी, मोजे सगळं लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. उरलेलं अन्न बाहेर टाकायचं नाही, कुत्र्यांना घालायचं नाही. पर्यटकांच्या आणि छावण्यांच्या खरकट्यावर तिथे भटकी कुत्री वाढली आहेत, आणि ती जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खातात. क्रौंचांचं मोठं नुकसान त्यांच्यामुळे होतं. आपला कचरा पिशवीत भरून लेहला परत आणायचा. गाडी काठाच्या गवतात उतरवायची नाही, चालकालाही आधीच सांगून ठेवायचं.

ए-७०३ : अमेरिकेहून भाची येते आहे, तिकडची नागरिक आहे, भारतीय वंशाच्यांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. चालेल?

बी-५०४ : तिला वेगळा संरक्षित क्षेत्र परवाना लागेल, लेहमधल्या नोंदणीकृत एजंटकडून काढावा लागतो. आपल्याला ओळखपत्र आणि पर्यावरण शुल्क. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात मी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघतो. फोन पोस्टपेड हवा, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही.

बी-५०४ : काकू, डॉक्टर, मग असं करतो. लेह तीन रात्री, चुमाथांग एक, कोरझोक दोन, परतताना त्सो कारवरून लेह. नुब्रा आणि पँगाँग यावेळी गाळावं लागेल.

बी-२०१ : पँगाँग गाळायचं? घरी मुली रुसतील.

ए-१०२ : मुलींना माझ्याकडे पाठव, दुर्बीण दाखवते. दोन्ही सरोवरं धावत बघण्यापेक्षा एकापाशी दोन सकाळी मिळाल्या तर त्यांच्याही लक्षात राहील.

सी-३०१ (डॉक्टर) : मला वैद्यकीयदृष्ट्याही हेच ठीक वाटतं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर मी घेतो.

बी-५०४ : खाली मतदान टाकलं आहे. ज्यांना पँगाँगच हवं त्यांनी तसं सांगा, वेगळ्या गाडीचा दर मागवतो. रविवारी सकाळी ११ वाजता क्लब हाऊसमध्ये भेटू. काकू, दुर्बीण आणाल ना?

ए-१०२ : आणते. आणि पक्ष्यांचं पुस्तकही.