दहावीच्या पोरीनं विचारलं, मी "उद्या सांगते" म्हणाले

घरकुलातली टीचर:
सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आठवी ते दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. परवा विज्ञानाचा प्रजननाचा भाग संपवला. आकृती काढून घेतली, नावं घातली, मार्क पक्के. वह्या मिटताना मागून एक जण म्हणाली, "टीचर, पहिल्यांदा काही होत नाही म्हणे?" बाकीच्या खाली बघत हसल्या. मी म्हणाले, उद्या सांगते. आज चार दिवस झाले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक पोर दिवाळीनंतर आलीच नाही. गावाकडे घाईनं लग्न लावून दिलं. का, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी हे शिकवते असं आयांना कळलं तर शिकवणी बंद होईल. काय सांगू, किती सांगू?

निवृत्त सिस्टर, अक्कलकोट:
टीचर, चार दिवसांत तिनं दुसऱ्या कुणाला विचारलंही असेल, बहुतेक मोबाईललाच.
सरळ सांगा, पहिल्यांदाही दिवस जातात. पहिली पाळी यायच्या आधीसुद्धा जाऊ शकतात, कारण बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. पुरुषबीज अंगात ५ दिवसांपर्यंत टिकतं आणि या वयात पाळीला धड ताळतंत्र नसतं, त्यामुळे 'सेफ दिवस' मोजण्यात अर्थ नाही. निरोधनं गर्भ आणि रोग दोन्ही टळतात, नीट वापरला तर. मेडिकलमधली ती गर्भ टाळायची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही, हे दोनदा सांगा.
आणि नकार द्यायचा सराव करून घ्या. "गड्ड्याच्या जत्रेला चल, परत सोडतो" म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, हे मी पोरींकडून मोठ्यानं बोलून घ्यायची. आधी लाजायच्या, मग एकमेकींना उत्तरं सुचवायच्या.

वकीलताई:
एक सावधगिरी. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) मानत नाही, आणि असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे.
याच भीतीनं घरचे दवाखाना टाळतात आणि दिवस वाया जातात. गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं होतो. अल्पवयीन मुलीसाठी पुढे २४ पर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतानं. पालकाची लेखी संमती लागते. डॉक्टरांना कळवावं लागतंच, पण मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय.

विड्या वळणारी आई:
टीचर, आम्हाला न विचारताच आम्ही शिकवणी बंद करणार हे ठरवलंत? माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. विड्या जमा करायच्या ब्रँचला सुट्टी असेल त्या दिवशी आयांना बोलवा. मराठीत बोला, माझ्या जावेला कळलं नाही तर मी तेलुगूत सांगते.

घरकुलातली टीचर:
अक्का, माफ करा. तुम्ही म्हणालात तसं केलं. ९ आया आल्या, दोघी मधेच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितलं, सिस्टरांनी लिहिलेलं जवळजवळ तसंच. पहिली पाच मिनिटं कुणी वर बघेना. मग बिस्किटाचा रिकामा डबा ठेवला, नाव न घालता चिठ्ठ्या टाका म्हटलं. १७ आल्या. बऱ्याचशा पाळीच्या, पोटदुखीच्या, अंगावरून पांढरं जातं त्याच्या. मी उगाच कशाकशाला घाबरले होते.
एक मात्र अशी: "मावसभाऊ फोटो मागतो. नाही दिला तर घरी सांगेन म्हणतो. काय सांगेल ते नाही माहीत."
नाव नाही, पण अक्षर मी ओळखते. वकीलताई, आधी तिच्याशी बोलू की मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करू?

वकीलताई:
आधी तिच्याशी, एकटीशी, आजच. रागावू नका. तिला म्हणावं, फोटो पाठवू नकोस आणि त्याचे मेसेज पुसू नकोस. मग तिला शेजारी बसवून १०९८ लावा.