ओटी आधी की पडवी आधी?

आगरातली: मंडळी, अडले आहे. गुहागरजवळच्या एका होमस्टेचं माहितीपत्रक मराठीत करतेय. इंग्रजी मजकुरात 'सिट-आउट' असं आहे. फोटोत पायऱ्या चढल्यावर लगेच लागणारी, कमरेएवढ्या कठड्याची, तीन बाजूंनी उघडी जागा दिसते. मी बिनधास्त 'पडवी' लिहून मोकळी झाले. तर मालकांच्या आईंचा फोन, "पडवीत सरपण नि गुरं असतात गो, पाहुण्यांना ओटीवर बसवतात." मी दापोलीची. आमची ओटी आत, पडवीतून एक पायरी चढून गेल्यावर. झोपाळा तिथेच. आता या जागेला काय म्हणू? संध्याकाळी छापायला द्यायचंय.

खाडीपलीकडचा: तुमचंच बरोबर. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परसू. माजघर म्हणजे मधलं घर, त्याच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, सगळं ठरलेलं. माझं आजोळ राजापूरकडचं. पडवी आणि ओटीच्या उंचीत जेमतेम एका वितीचा फरक, पण कोणी कुठवर यायचं ते त्या वितीवर ठरे. भिजलेली इरली, चिखलाचे पाय आणि कुळं पडवीपर्यंत. तलाठी, भटजी, सोयरे ओटीवर.

वडाखालचा: आणि ज्यांना ओटीच नव्हती त्यांचं काय? आमच्या वाडीत कुडाच्या भिंती, आत एक खोली, पुढे पडवी. संपलं घर. पाहुणा आला की पडवीतच घोंगडी अंथरायची, सरपण जरा बाजूला सरकवून. आजी दर दिवाळीला जमीन चोपण्याने चोपून पडवी अशी सारवायची की पाय ठेवायला नको वाटे. पडवीत पाहुणे बसत नाहीत, हे मोठ्या घरांचं व्याकरण झालं.

खाडीपलीकडचा: मान्य. मी आजोळचंच बोललो.

सह्याद्रीपार: एवढा घोळ कशाला, 'ओसरी' लिहा. घाटावर-घाटाखाली सगळ्यांना कळतं. पाऊस ओसरेपर्यंत थांबायची जागा ती ओसरी.

खाडीपलीकडचा: ही व्युत्पत्ती आत्ता बसल्या बसल्या काढलीत ना? मग दुपारी जेवून माणूस पडतो ती पडवी, हीही घ्या.

देवगडी: आमच्याकडे ह्यो झगडोच नाय. खळ्यातसून वर इलास की लोटो. फोटोतलो तो लोटोच. आमचो आजो लोट्यार बसान रस्त्यान जाणाऱ्या सगळ्यांची चवकशी करी. लिवा 'लोटो' नि व्हा मोकळी.

आगरातली: देवगडी, पुण्याचे पाहुणे लोटा शोधत परसात जातील हो.

शुद्धमती: काहीही लिहा, पण 'सिट-आउट' आणि 'व्हरांडा' नको. मराठी घराला मराठीच शब्द हवेत. सरकारी कागदांत 'जोते', 'चटईक्षेत्र' असे सुंदर शब्द आहेत, ते आपण वापरत नाही म्हणून मरतात.

ओळंबा: मी लांज्याकडे बांधकामं घेतो. शुद्धमतीताई, ज्याच्या हाताखाली तुमचं मराठी घर उभं राहतं तो मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला. त्याचं घमेलं 'गामेला'वरून. काम झाल्यावर तुम्हाला देतो ती चावीही त्यांचीच. दरवाजा फारसी, इमारत अरबी. हे सगळं उचलून परत पाठवलं तर माझ्याकडे चिरे आणि ओळंबा उरेल, बाकी रामराम.
चटईक्षेत्राचं म्हणाल तर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून मी तो शब्द ऐकलेला नाही. "एफएसआय किती बसतो?" एवढंच. जोतं मात्र ठणठणीत आहे. घरकुलात काम जोत्यापर्यंत आलं की हप्ता मिळतो, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या पोरालाही जोतं कळतं. शब्दाला पैसे चिकटलेले असले की तो मरत नाही.

शुद्धमती: रुळलेले शब्द काढा असं मी कुठे म्हटलं? नव्यांना दार उघडू नका, एवढंच.

ओळंबा: मिस्त्रीही एके काळी नवाच होता की.

हर्णैबंदर: पैशांवरून आठवलं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या घराचं दर्याकडचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, उडालं, आढं तेवढं राहिलं. पंचनाम्याला आलेले साहेब देशावरचे. म्हटलं, "एक पाखं पूर्ण गेलं." ते म्हणाले, "पाखाडीचं नुकसान ग्रामपंचायत बघेल, तुम्ही घराचं सांगा." पाखाडी म्हणजे आमची चिऱ्यांची पायवाट! शेवटी 'अर्धे छप्पर' असं लिहून घेतलं. मराठीच, पण त्यात कुठली बाजू गेली ते कळत नाही.

सह्याद्रीपार: कौलं मंगळुरी होती की जुने नळे? मंगळुरी म्हणजे सगळ्यांना आपलीच वाटतात, पण तो कारखाना बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्याआधी नळे, नाहीतर गवत.

हर्णैबंदर: मंगळुरीच. पण दर मे महिन्यात ती काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आम्ही 'परतणे' म्हणतो.

सह्याद्रीपार: शाकारणी.

खाडीपलीकडचा: शाकारणी गवताची. कौलं परततातच.

वडाखालचा: आमच्याकडची वानरं परततात, रोज, फुकट. म्हणून यंदा पत्रे घातले. पाऊस आला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

आगरातली: अहो, ओटी की पडवी? साडेपाच झाले. मालकांच्या आईंना पुन्हा फोन केला, तर म्हणतात ती जागा मूळ घरात नव्हतीच, परवा परवा इंजिनिअरने पुढे काढली. "मग घरात तुम्ही तिला काय म्हणता?" तर म्हणाल्या, "सिटौट."

शुद्धमती: मग 'बैठकओटा' करा. नवी जागा, नवा शब्द.

ओळंबा: आत्ताच कोणीतरी नव्यांना दार उघडू नका म्हणत होतं.

हर्णैबंदर: ओळंबाभाऊ, दापोली-हर्णैकडे कौलं परतणारा कोणी माहितीत आहे का? दोन वासे वाळवीने खाल्लेत, तेही बदलायचे आहेत. जरा लवकर सांगा, मृग तोंडावर आलाय.