युरोव्हिजनच्या ज्युरीला नारळ द्यावा का?

लांबसूर (धागाकर्ता)
युरोव्हिजन म्हणजे १९५६ पासून चालत आलेली युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा (ऑस्ट्रेलिया, इस्रायलही आहेत त्यात, का ते विचारू नका). निम्मे गुण ज्युरींचे, निम्मे प्रेक्षकांचे. माझं म्हणणं सरळ आहे: ज्युरी बंद करा.

२०२३, लिव्हरपूल. फिनलंडच्या कॅरियाला लोकांनी ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. जिंकली लोरीन, कारण ज्युरींनी तिला ३४० दिले आणि त्याला १५०. पुढच्या वर्षी माल्मोला लोकांचा पहिला क्रोएशियाचा बेबी लझान्या, ट्रॉफी मात्र स्वित्झर्लंडच्या नेमोकडे. २०२५ ला बाझेललाही तीच कथा: लोकांचा पहिला इस्रायल, ट्रॉफी ऑस्ट्रियाकडे. प्रत्येक देशातली मूठभर माणसं (२०२५ पर्यंत पाच, आता सात) आदल्या रात्रीची रंगीत तालीम बघून जेवढे गुण वाटतात, तेवढेच अख्ख्या देशाने पैसे भरून दिलेल्या मतांना. हे कुठलं गणित?

खर्जातला_खवचट
असहमत. १९९८ पासून बरीच वर्षं बहुतेक देशांत फोनचाच कौल होता. तेव्हाचे निकाल बघा की. ग्रीसचे १२ (म्हणजे सर्वाधिक) गुण सायप्रसला, सायप्रसचे १२ ग्रीसला, जर्मनीतले तुर्क तुर्कस्तानला, फुटलेल्या युगोस्लाव्हियाचे तुकडे एकमेकांना. बीबीसीवर वर्षानुवर्षं तिरकस निवेदन करणारे टेरी वोगनसुद्धा २००८ नंतर वैतागून उठले. २००९ ला फायनलमध्ये ज्युरी परत आणली ती हौस म्हणून नव्हे.

लांबसूर
शेजारधर्म फक्त फोनवर पाळतात वाटतं? ग्रीस-सायप्रसची देवघेव ज्युरींच्या जमान्यापासूनची आहे. २०२२ ला तर उपांत्य फेरीत सहा देशांच्या ज्युरींची मतं संशयास्पद आढळली म्हणून आयोजकांना बाद करावी लागली. आणि १९७४ ला ब्रायटनमध्ये, स्वतःच्या घरात, ब्रिटिश ज्युरीने त्या वर्षी जिंकलेल्या स्वीडनच्या ॲबाला भोपळा दिला होता. कान बघा यांचे!

रात्री_साडेबारा
लांबसूर यांना +१. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतूनही ऑनलाइन मत देता येतं. आपल्याकडे फायनल मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होते, मी पुण्यात कार्ड हातात घेऊन बसते. उरलेल्या सगळ्या जगाचे मिळून एका देशाइतकेच गुण, म्हणजे आम्ही सगळे = इवलंसं सान मारिनो. त्यात परत मूठभर ज्युरींनी ते झाकोळायचे?

तिय्या
तुम्ही 'लोक' म्हणता ते नक्की कोण? २०२५ पर्यंत एकेकाला २० मतं देता येत होती. फायनलला पंचवीस-सव्वीस गाणी, मतं सगळीकडे पांगतात. अशा वेळी एखादा चिवट गट एकाच गाण्यावर विसाच्या विसा मतं ओतत राहिला की झालं काम. बाकीच्यांना ते गाणं सहन होत नसलं तरी ते सांगायची सोयच नाही. नावडीचं मत नसतं.

२०२५ ला नेमकं हेच. इस्रायल सरकारच्या जाहिरात खात्याने वीसही मतं द्या म्हणून जाहिराती चालवल्या. प्रेक्षकांचे २९७, ज्युरींचे ६०. गायिका वाईट नव्हती, पण हा कौल गाण्याचा होता असं कोण छातीठोकपणे म्हणेल? पुढे मतांची मर्यादा १० वर आणली आणि उपांत्य फेरीत ज्युरी परत बसवली, ती उगाच का?

खर्जातला_खवचट
तिय्या, हेच म्हणत होतो. आपल्याकडे २००७ च्या इंडियन आयडॉलला दार्जिलिंगहून प्रशांत तमांगसाठी एसएमएस धो धो आले होते, ते काय फक्त सुरांसाठी?

रात्री_साडेबारा
आणि २०२२ ला युक्रेनला प्रेक्षकांचे ४३९ मिळाले, तेव्हा? ज्युरींचा पहिला ब्रिटन होता. तेव्हा कुणी ज्युरीची बाजू घेऊन भांडलेलं आठवत नाही. बाजू आपल्याला पटणारी होती, म्हणून टाळ्या वाजवल्या.

तिय्या
मुद्दा मान्य. मी वाजवल्या होत्या. पण म्हणून ज्युरी नको हे कसं सिद्ध होतं?
बाय द वे, २०१६ ला ज्युरींचा पहिला ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकांचा पहिला रशिया, आणि जिंकली दोन्हीकडे दुसरी असलेली युक्रेनची जमाला. मला हा निकाल सगळ्यांत आवडतो. दोघांनाही बऱ्यापैकी पटलेलं गाणं.

लांबसूर
म्हणजे कुणाचंच पहिलं नसलेलं! असो. बंद नको तर निदान ज्युरीचा वाटा ४० टक्के करा. आकडे मांडून बघितले: २०२३ ला कॅरिया जिंकतो (२८५.६ विरुद्ध २८१.८), २०२४ ला बेबी लझान्या जिंकतो, आणि २०२५ ला मात्र ऑस्ट्रियाच राहतो, इस्रायल नाही. तिय्या, तुमची भीतीही मिटली.

खर्जातला_खवचट
४०च का? ४५ ठेवा, लोरीन परत जिंकते. आधी विजेता ठरवायचा आणि मग टक्केवारी शोधायची, याला ज्युरीच म्हणतात. फक्त एका माणसाची.