एम.कॉम.ची दोन वर्षं: अभ्यास की नुसता थांबा?

तेरीज (धागाकर्ता)

बी.कॉम. झालं, सीएचा नाद सुटला, की घरात एक वाक्य हमखास येतं: "मग निदान एम.कॉम. तरी कर." या 'निदान'वरच माझा आक्षेप आहे. अकाउंटन्सी-फायनान्सचं एम.कॉम. म्हणजे चार सत्रं, नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दर सत्राला २२ क्रेडिट. एवढं करूनही लेखा विभागात पहिल्या आठवड्यात जे हातात पडतं, ते येत नाही.

जीएसटीआर-२बी घ्या, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून आपल्याला मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचा तक्ता. दर महिन्याच्या १४ तारखेला ते तयार होतं, खरेदी रजिस्टरशी जुळवायचं आणि मासिक विवरण असेल तर २० तारखेच्या आत ३बी (कर भरायचं विवरण) भरायचं. पुरवठादाराने बिल क्रमांक '००४७/२५-२६' चढवलेला, आपल्या टॅलीत नुसता '४७'. एक्सेलचा व्हीलूकअप लावला की एकच बिल दोन्हीकडे 'सापडत नाही'. पुरवठादार तिमाही विवरणवाला असेल आणि त्याने पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमधून (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं चढवण्याची सोय) चढवली नसतील, तर बिल खरं असूनही २बीत दिसत नाही आणि त्या कराचं क्रेडिट लांबतं. हे ओळखायला एम.कॉम. लागत नाही आणि एम.कॉम. करून ते येतही नाही.

पेपरात काय, तर तक्ता आखा, आकडे भरा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' जाऊन 'करवर्ष' आलं. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सना मात्र ही बातमी अजून पोचायची आहे.

चक्रवाढ

असहमत. २बी जुळवणं हे काम आहे, विषय नाही. एम.ए. झालेल्याला प्रूफं तपासता येतात का, यावरून आपण ती पदवी मोजत नाही.

आणि 'निदान' म्हणून हिणवता, त्या पदवीने उघडणारी दारं बघा. रिझर्व्ह बँकेच्या 'ग्रेड बी' अधिकारी परीक्षेला खुल्या गटात पदवीला ६० टक्के लागतात, किंवा पदव्युत्तरला ५५. बी.कॉम.ला ५६ पडलेल्याने सुधारणा परीक्षांच्या मागे लागण्यापेक्षा एम.कॉम.ला ५५ मिळवलेले बरे. फक्त वयाची ३० ची मर्यादा डोक्यात ठेवायची. त्या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात वित्त आणि व्यवस्थापनाचा वेगळा पेपर असतो, म्हणजे अभ्यासही फुकट जात नाही. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांनाही खुल्या गटाला पदव्युत्तरचे ५५ टक्केच. आपली सेट पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं.

अमेरिकन सीपीएचा (तिकडच्या सीएचा) विचार असेल तर आणखी एक हिशेब. तिकडे पारंपरिक अट १५० क्रेडिटची. आपलं एक वर्ष सर्वसाधारणपणे ३० धरतात, म्हणजे बी.कॉम. ९० वर अडकतं आणि एम.कॉम. जोडलं की १५० भरतात. काही राज्यांनी अलीकडे कमी क्रेडिट आणि जास्त अनुभव असा दुसरा रस्ताही दिला आहे, तेव्हा आधी राज्य ठरवा, मग पदवीच्या मूल्यांकनाला पैसे भरा.

तेरीज

नेटचं दार एम.कॉम.वाल्यांपुरतं राहिलेलं नाही. २०२१ पासून यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटन्सी या पात्रता नेटसाठी पदव्युत्तरच्या बरोबरीच्या मानते. आणि नेट पास होणं म्हणजे नोकरी नव्हे. अनुदानित महाविद्यालयांत नेट-सेट झालेले किती जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत, हे कुणाही प्राध्यापकाला विचारा. दार उघडतं, पण आत रांग असते.

नावे_जमा

मला मुद्दा वेगळा दिसतो. तक्ता आखायला शिकवणं वाईट नाही, त्या तक्त्यामागचं न शिकवणं वाईट. भाडेपट्ट्याचं गणित घ्या, इंड एएस ११६ मधलं. भाडेपट्टा ताळेबंदात मालमत्ता आणि देणं म्हणून दाखवायला सांगणारं हे लेखा मानक.

तीन वर्षांचा पट्टा, वर्षाला १ लाख भाडं, वर्षाअखेरीस द्यायचं, व्याजदर १० टक्के. आजचं मूल्य ९०,९०९ + ८२,६४५ + ७५,१३१ = २,४८,६८५. तेवढी मालमत्ता, तेवढंच देणं. पहिल्या वर्षी घसारा ८२,८९५ आणि व्याज २४,८६९, म्हणजे खर्च १,०७,७६४. दुसऱ्या वर्षी १,००,२५०. तिसऱ्या वर्षी ९१,९८६. बेरीज बरोब्बर ३ लाख. खिशातून एक रुपया जास्त गेला नाही, पण पहिल्या वर्षाचा नफा कमी दिसला. उलट भाडं हा खर्चच गायब झाल्यामुळे व्याज-घसाऱ्याआधीचा नफा लाखाने फुगला. कर्ज देणाऱ्या बँकेने गुणोत्तरांच्या अटी जुन्या आकड्यांवर घातल्या असतील तर गोंधळ नक्की. एवढं वर्गात बोललं गेलं की एम.कॉम. सार्थकी लागतं.

आता चूक कुठे होते? आपल्याकडे भाडं बहुधा आगाऊ असतं. विद्यार्थी वरचंच सूत्र लावतो. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला असेल तर मूल्य २,७३,५५४ येतं (एक्सेलच्या पीव्ही सूत्रात शेवटची नोंद ० ऐवजी १ करायची). तरी देणं म्हणून २,७३,५५४ दाखवायचे नाहीत. पहिला हप्ता त्याच दिवशी दिलेला आहे, म्हणून मालमत्ता २,७३,५५४ आणि देणं १,७३,५५४. इथे भलेभले घसरतात.

वसूलबाकी

छान समजावलंत. पण हे समजायला दोन वर्षं लागली का? दहा मिनिटं लागली. मानकं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सीए संस्थेचं अभ्याससाहित्यही फुकट आहे.

शिवाय इंड एएस लागू कुणाला? शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्या, आणि बाकीच्यांत २५० कोटी किंवा जास्त निव्वळ मूल्य असलेल्या. इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याच्या पेढीला ११६ शी देणंघेणं नाही, आणि मध्यम खाजगी कंपनी अजून भाडेपट्ट्याच्या जुन्या मानकावर, एएस १९ वर आहे. तिथे साधा चालू भाडेपट्टा (ऑपरेटिंग लीज) असेल तर भाडं दरवर्षी सारखं वाटून खर्चात टाकलं की काम झालं. जिल्ह्याच्या गावी एम.कॉम. करणाऱ्या बहुतेकांना पहिली नोकरी अशाच ठिकाणी मिळते.

चक्रवाढ

पुस्तक फुकट असतं, बैठक फुकट नसते. घरी बसून ११६ किती जण वाचतात?

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही. नव्या रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचे (ओजेटी) किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे १८ क्रेडिट तुमच्या हातात. त्यांचं आपण काय करतो? 'अमुक तालुक्यातील गुंतवणूकदारांची म्युच्युअल फंडाविषयी जागरूकता', गूगल फॉर्म, वर्गातल्याच मित्रांनी भरलेली ५० उत्तरं, वर काय-वर्ग ही संख्याशास्त्रातली ठरलेली चाचणी. दोष पदवीचा नाही.

त्याऐवजी एका उत्पादन कंपनीचे पाच वार्षिक अहवाल घ्या आणि ऑल्टमनचा १९६८ चा झेड स्कोअर काढा, म्हणजे कंपनी दिवाळखोरीकडे झुकते आहे का ते कळतं. पाच गुणोत्तरं, वजनं १.२, १.४, ३.३, ०.६ आणि १.०. १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर सुरक्षित. सोपं वाटतं, पण चुका ठरलेल्या आहेत. चौथ्या गुणोत्तरात भागभांडवलाचं बाजारमूल्य लागतं, मुलं पुस्तकी मूल्य टाकतात. अहवाल लाखांत आणि बाजारमूल्य कोटींत असलं की ते गुणोत्तर थेट १०० पटीने चुकतं. एका वर्षी एकत्रित ताळेबंद, पुढच्या वर्षी फक्त मूळ कंपनीचा, हा तिसरा घोटाळा. आणि बँकेला झेड स्कोअर लावायचाच नाही. मूळ नमुना ६६ उत्पादक कंपन्यांचा होता, आणि बँकेत खेळत्या भांडवलाला तो अर्थच नसतो. हे सगळं निस्तरलेला प्रकल्प मुलाखतीत टेबलावर ठेवता येतो. जागरूकतेचा नाही.

वसूलबाकी

ओजेटीचं नाव काढलंत म्हणून. काकांच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणि कोरा लॉगबुक हेही त्या ४ क्रेडिटमध्ये बसतं, बरं का.

चक्रवाढ

बसतं. मग त्याच ४ क्रेडिटात कर सल्लागाराकडे बसून तेरीज यांचं २बी का शिकू नये? त्यांच्या आक्षेपाचं उत्तर अभ्यासक्रमातच आहे, वापरणारा हवा.

तेरीज

हे मान्य. माझ्या तक्रारीतला हा भाग मी मागे घेतो, 'निदान' मागे घेत नाही.

लंडनची_हुंडी

दोन वर्षं जाचत असतील तर ब्रिटनमधलं एक वर्षाचं एम.एस्सी. अकाउंटिंग अँड फायनान्स का नको? प्रबंधासह १८० क्रेडिट, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना एसीसीएच्या (ब्रिटनमधली सीएसारखी पात्रता) १३ पैकी काही पेपरांत सूट. किमान परीक्षा तरी मोकळ्या हवेत.

नावे_जमा

हवा मोकळी, हिशेब घट्ट. सूट फार तर ९ पेपरांपर्यंत, शेवटच्या ४ ला कधीच नाही, आणि सूट घेतलेल्या पेपरांचेही पैसे पडतात. त्यानंतर ३६ महिन्यांचा अनुभव. आणि भारतात परत आलात तर एसीसीएच्या जोरावर वैधानिक लेखापरीक्षणावर सही करता येत नाही, ती फक्त व्यवसाय प्रमाणपत्रधारक सीएची.

व्हिसाला फीशिवाय लंडनबाहेर महिना १,१७१ पौंडांप्रमाणे ९ महिने, म्हणजे १०,५३९ पौंड दाखवायचे, तेही सलग २८ दिवस. मध्ये एक दिवस शिल्लक खाली गेली तरी अर्ज बाद. आरोग्य अधिभार वेगळा, वर्षाला ७७६. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहे. त्या १८ महिन्यांत प्रायोजक मालक शोधायचा आणि तोही पगाराची अट पूर्ण करणारा. कर्ज काढून जाणाऱ्याने हप्ते रुपयांतल्या पगारावर फिटतात का, हे आधी मांडून बघावं.

लंडनची_हुंडी

एवढी थंडी इथेच वाजली. पण एकाच वर्षात मोकळं व्हायचं असेल, तर बी.कॉम.चं चौथं वर्ष ऑनर्स म्हणून केलं की एम.कॉम.ही एकाच वर्षाचं होतं ना?

चक्रवाढ

हो, पण एकूण वर्षं पाचच. फायदा इतकाच की मध्येच थांबावं लागलं तर हातात ऑनर्स पदवी असते. दोन वर्षांच्या एम.कॉम.मध्येही पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं.

कोरी_पावती

मधेच विचारते. नोकरी सांभाळून दूरस्थ एम.कॉम. केलं तर ते नेटला चालतं का?

नावे_जमा

मान्यता असेल तर चालतं, नियमित पदवीच्याच तोलाचं. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत विद्यापीठाचं नुसतं नाव बघू नका, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष दोन्ही तपासा, कारण मान्यता त्या दोन्हींना असते. मग एबीसी (शैक्षणिक क्रेडिट बँक) आयडी आणि त्यावरून डीईबी (त्याच दूरस्थ शिक्षण मंडळाचा) आयडी काढा, त्याशिवाय प्रवेश होत नाही. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते आजच बघून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांचा अर्ज तिथेच अडकतो.