बाबांच्या पंच्याहत्तरीला हलकी रायफल बनवून द्यायची आहे, कोणाला अनुभव आहे का?

वावरवाला_केळापूर

राम राम मंडळी, पहिल्यांदाच लिहून रायलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, साडेसहा एकर वावर, कापूस, तूर आणि पाण्याची सोय हाये म्हणून रब्बीत हरभरा. बाबा माघात पंच्याहत्तर पूर्ण करतील आणि अजूनही हरभऱ्यात जागलीला जातात, आम्ही कितीही नाही म्हटलं तरी. त्यांच्याकडं पीकसंरक्षणाच्या लायसनवरची बारा बोअरची, छऱ्याची जुनी दुनळी बंदूक हाये, मी तिसरीत होतो तेव्हापासूनची, तराजूत टाकली तर सव्वातीन किलो भरली.

मागच्या महिन्यात मी घरी होतो, रात्री अकराला त्यांच्या मागं मागं गेलो. एका हातात टॉर्च, एका हातात काठी, खांद्यावर बंदूक. धुऱ्यावर चढताना थांबले, बंदूक उतरवून बोरीले टेकवली, उजवा खांदा चोळला आणि मी पाहून रायलो हे समजल्याबरोबर परत उचलली. काही बोलले नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाही राव.

युट्यूबवर पाहिलं का अमेरिकेत डोंगरात शिकारीला जाणारे लोक अडीच किलोच्या आतली रायफल खास बनवून घेतात, कार्बन फायबरचा दस्ता, नळी बारीक, वजन ग्रॅमग्रॅमनं कमी केलेलं. तशी एक बाबांसाठी बनवून द्यावी, दस्त्यावर त्यांचं नाव कोरून. दीड लाख बाजूला काढून ठेवले आहेत. आमच्याकडं ओळखीचा एक लेथवाला हाये, हात चांगला हाये त्याचा. सुरुवात कुठून करू, नळी कुठं मिळते, दस्त्याला सागवान चालते का?

टेबल_नंबर_चार

भाऊ, आधी एक ऐका, त्या लेथवाल्याला अजून विचारलं नसेल तर विचारू पण नका. मी सहा वर्षं कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर काढली आहेत म्हणून सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात लायसनशिवाय बंदूक बनवणंच नाही तर दुरुस्त करणं, बदल करणं पण गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बनवण्याला कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी फाईलवर हेतू लिहिलेला नसतो. बाबांचं पण नाव येईल, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेलं मी पाहिलेलं आहे, विसरता येत नाही.

दुसरं, बाबांच्या लायसनवर बंदूक लिहिलेली असेल तर त्यावर रायफल बसत नाही, वेगळी मंजुरी लागते. आणि तुम्ही टिपेश्वरच्या बाजूचे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत ज्याच्याकडं शस्त्र लायसन आहे त्याला वन्यजीव कायद्याप्रमाणे वनविभागाकडं नावाची नोंद करावी लागते आणि नवीन लायसन त्यांच्या संमतीशिवाय निघत नाही. बाबांची नोंद झाली आहे का ते आधी बघा, बऱ्याच जुन्या लोकांची राहून गेलेली असते. बाकी डुक्कर असो की रोही (नीलगाय), मारायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी वेगळी, बंदुकीचं लायसन म्हणजे ती परवानगी नाही.

दहा_मीटर_नागपूर

वरच्या दादांनी कायद्याचं सांगितलं, मी वजनाचं सांगतो, कारण मी बारा वर्षं नेमबाजीच्या रेंजवर आहे आणि हलकी बंदूक म्हणजे चांगली बंदूक हा गैरसमज आमच्याकडं आलेल्या प्रत्येक नवीन पोराचा असतो. काडतूस तेच ठेवलं आणि बंदुकीचं वजन 20 टक्के कमी केलं तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा 25 टक्क्यांनी वाढते, निम्मं वजन केलं तर दुप्पट. अमेरिकेतला तो माणूस दिवसभर डोंगर चढतो आणि एखादी गोळी मारतो म्हणून त्याला परवडतं. बाबांचा खांदा आधीच दुखतो आहे. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत तर साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, आणि बहुतेक जण वजन वाढवतात, कमी करत नाहीत, कारण जड बंदूक स्थिर राहते.

अजून एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रायफलची गोळी सपाट रानात दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. हरभऱ्याच्या दिवसात रात्री किती वावरात माणसं मचाणावर असतात ते तुम्हीच आठवा. छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला कमी आहे, तो त्या जागी गुण आहे. त्यामुळं वावरात रायफल नकोच.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर आहे त्याच बंदुकीचा दस्ता बाबांच्या अंगाला बसवून घ्या. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण चौदा इंच ठेवलेलं असतं, म्हातारपणी माणूस थोडा आखडतो, जाड स्वेटर घालतो, मग तो दस्ता खांद्याच्या खळीत न बसता दंडावर बसतो आणि तिथंच मार लागतो. अर्धा-पाऊण इंच कमी करून मागं चांगला रबरी पॅड लावला की तीच बंदूक हलकी वाटते. लाकूड बदलायचं असेल तर अक्रोड घ्या, शिसम दिसतं छान पण जड जातं. हे सगळं लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानातच. नळी कापायचा विचार कोणी सुचवला तर तिथून उठून या.

मचाण_मारेगाव

मायं वय अडुसष्ट. पोरा तुयं लिहिलेलं वाचून डोये भरले, बोरीले बंदूक टेकवली ते वाचून. मी बी तसंच करतो, पोराइले दिसू नाई म्हणून.

म्या वीस वर्षं आधी दुनळी देऊन एकनळी घेतली होती, हलकी हाये म्हणून. पयल्याच हिवायात दोन काडतूसं उडवली, हवेतच, रोह्याइचा कळप हाकलाले. गळ्याच्या हाडाखाली असं कायं निळं झालं का आठ दिवस कापसाचं गाठोडं उचलता नाई आलं. म्हणून तो नागपूरवाला बरोबर सांगून रायला.

खरं सांगू का, आता बंदूक फक्त सोबत असते. काम तं झटका मशीन करते, कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडते ते. सौर कुंपणाले वनविभागाकडून अनुदान भेटते, श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन योजनेत, तुयं गाव अभयारण्याच्या बाजूले हाये तं नंबर लागन, चौकशी कर. फक्त मशीनचाच झटका बरं, घरची लाईन सरळ तारेवर कोणी सोडू नका, आमच्या बाजूच्या गावात एक जण आपल्याच वावरात गेला तसा, पहाटे मोटर चालू कराले गेला होता.

अन पट्टा बदल आधी. जुना पट्टा दोरीसारखा होऊन जाते, तो काचते. तीन बोटं रुंदीचा कातड्याचा घे. अन डोक्याले लावाचा टॉर्च दे म्हणजे एक हात मोकया.

टेबल_नंबर_चार

एक राहिलं. लायसनदाराचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो, 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. बाबांचं दोन्ही झालेलं आहे. घरी राहणारा भाऊ असेल तर त्याच्या नावानं करा, पुण्या-मुंबईत राहणाऱ्याचा अर्ज पीकसंरक्षणासाठी टिकत नाही. आणि दुरुस्तीला बंदूक तुम्ही एकट्यानं न्यायची असेल तर बाबांचं लेखी पत्र आणि लायसन सोबत ठेवा, नाहीतर त्यांनाच घेऊन जा.

वावरवाला_केळापूर

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, गावी जाऊन आलो. रायफलचा विषय डोक्यातून काढला, लेथवाल्याला बोललो नव्हतो ते बरंच झालं. वनविभागाकडं नोंद खरंच नव्हती, अर्ज देऊन पोच घेतली.

बाबांना लायसन लहान भावाच्या नावानं करू का विचारलं तर खूप वेळ बोललेच नाही. मग म्हणाले, बंदूक दे त्याले, पण रात्री बारा वाजता उठते का तो, वावर कोण राखीन? भाऊ तिथंच बसला होता, तो म्हणाला या सालापासून मी जातो. बाबा म्हणाले मी बी येतो. तेवढ्यावर थांबलो सध्या, अर्ज पुढच्या महिन्यात करू.

दुकानात बाबांना घेऊनच गेलो. त्या माणसानं त्यांना स्वेटर घालून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, पेन्सिलनं दस्त्यावर खूण केली, सव्वा इंच जास्त निघाला म्हणे. इतकी वर्षं तसाच वापरला त्यांनी. दस्ता जुनाच ठेवायचा म्हणाले, अक्रोड नको, त्यावर त्यांच्या हाताची जागा घासून गुळगुळीत झाली हाये ती जायला नको. पट्टा मी यवतमाळहून घेतला, तीन बोटं रुंद, आतून नाव कोरून घेतलं. उरलेले पैसे झटका मशीनमध्ये टाकतो.

एकच विचारायचं होतं, नवीन काडतूसं घेताना 65 आणि 70 मिलिमीटर असं दोन लांबीचं दाखवलं, आमची जुनी आहे तर कोणतं घेऊ?

दहा_मीटर_नागपूर

बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून नळ्या उघडा, खालच्या बाजूला चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या लांबीचा आकडा ठोकलेला असतो. 65 असेल तर 70 चं काडतूस आत बसतं, बंदूक बंद पण होते, म्हणूनच ते धोक्याचं आहे, उडाल्यावर काडतुसाच्या तोंडाला उघडायला जागा उरत नाही आणि दाब खूप वाढतो. आकडा घासला गेला असेल तर त्याच दुकानात मापून घ्या आणि तोपर्यंत जुनं 65 चंच वापरा.

बाबांना आमच्याकडून नमस्कार सांगा.